जुन्या गाडीच्या टाकीतला गंज: साफ कसा करायचा आणि आतून अस्तर कसं द्यायचं

कार्ब्युरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) तीनदा खोलून साफ केला, जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक तोंडं, फुंकून घेतले, तरी आठवड्याभरात गाडी पुन्हा अडखळते? मग कार्ब्युरेटरला दोष देणं थांबवा आणि पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोल चालू-बंद करायचा नळ, काढून त्याची जाळी बघा. जाळीवर विटकरी रंगाचं बारीक पीठ बसलेलं असेल, तर आजार टाकीत आहे. कार्ब्युरेटर बिचारा फक्त तो सहन करतोय.

माझ्या मामांची येझदी मोटरसायकल नाशिक जिल्ह्यात निफाडजवळच्या त्यांच्या मळ्यात, ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, नऊ वर्षं उभी होती. ती चालू करायची ठरल्यावर आम्ही टाकी शहरातल्या एका गॅरेजला दिली. त्यांनी दोन दिवसांत आतून रसायनाच्या थराचं अस्तर लावून परत दिली. आतून टाकी चकचकीत दिसत होती आणि आम्ही खूश होतो. पुढच्या पावसाळ्याच्या आत त्या अस्तराचे पापुद्रे सुटायला लागले. कसारा घाटात गाडी बंद पडली तेव्हा कॉकच्या तोंडाशी नखाएवढे तुकडे अडकले होते, आणि प्रत्येक तुकड्याच्या मागच्या बाजूला गंज चिकटलेला होता. म्हणजे अस्तर पत्र्याला धरलंच नव्हतं, ते गंजाला धरलं होतं. गंज सुटला आणि अस्तर त्याच्याबरोबर गेलं.

नंतर ते सगळं अस्तर खरवडून, टाकी मुळापासून साफ करून, मी ते काम स्वतः पुन्हा केलं. अस्तर लावायला अर्धा तास लागला, त्याआधीच्या तयारीला पाच दिवस. या लेखातही वेळेची वाटणी साधारण तशीच आहे.

आधी ठरवा, अस्तर हवंय का?

टाकीत गंज दिसला की लगेच अस्तराचा डबा मागवू नका. माझं मत असं की दहापैकी बऱ्याच टाक्यांना अस्तराची गरजच नसते. गंज काढला, टाकी नीट कोरडी केली आणि गाडी रोजच्या वापरात ठेवली, तर ती वर्षानुवर्षं चालते.

टाकी रिकामी करून, धुऊन, पेट्रोलचा वास गेल्यावर आत एलईडी टॉर्चने बघा. काडी, लायटर किंवा तारेवर लटकवलेला बल्ब आत न्यायचा नाही, हे लिहायची वेळ येऊ नये, पण येते. मोबाइलला जोडायचा नळीसारखा बारीक कॅमेरा मिळाला तर उत्तम, कारण टाकीच्या छताची आतली बाजू डोळ्यांना दिसत नाही आणि सगळ्यात वाईट गंज बहुतेक वेळा तिथेच असतो. पेट्रोलची पातळी खाली गेली की वरच्या मोकळ्या जागेत हवा शिरते. रात्री पत्रा गार झाला की त्या हवेतलं बाष्प छताला घामासारखं चिकटतं. दुसरी वाईट जागा म्हणजे तळाचा जोड. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तिथे जाऊन बसतं.

आत फक्त तपकिरी थर असेल आणि बोट फिरवल्यावर पत्रा गुळगुळीत लागत असेल, तर साफसफाई पुरे. देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले असतील किंवा सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतील, तर अस्तर द्या. बाहेरून रंग फुगून आलाय आणि अंगठ्याने दाबलं की पत्रा लवतो, अशी अवस्था असेल तर अस्तर ही त्या टाकीची फसवणूक ठरेल. तिथे पत्र्याचा तुकडा लावून घ्यावा किंवा दुसरी टाकी शोधावी.

मामांनी तेव्हा विचारलंच होतं, "अरे, नवी टाकी टाकून दे ना, कशाला एवढा खटाटोप?" मी म्हटलं, "मामा, तुमच्या गाडीची ही मूळ टाकी आहे. बाजारात मिळते तिचा पत्रा बघा आणि हिचा बघा." त्यांनी दोन्ही टाक्यांवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि विषय संपला.

आता पेट्रोलचंही बघायला हवं. ई-२० पेट्रोलची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, विक्री देशात २०२३ मध्ये सुरू झाली आणि आज पंपावर सर्रास तेच मिळतं. त्यातलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. रोज फिरणाऱ्या गाडीला त्याचं फारसं काही नाही. पण चार-सहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर धरतात आणि तळाचा पत्रा त्यात भिजत राहतो. म्हणूनच अस्तराचं रसायन घेताना त्यावर इथेनॉलयुक्त पेट्रोलला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं. जुन्या धाटणीची काही अस्तरं इथेनॉलमध्ये मऊ पडतात.

टाकी उतरवण्यापूर्वी

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. जळतं ते द्रव पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. आणि रिकाम्या टाकीत ती हवेत मिसळून तयारच बसलेली असते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि खोलगट जागी साचते. नाशिकच्या सिडको-सातपूरमधल्या रो-हाउसमध्ये किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. तिथे विजेचे मीटर असतात, पाण्याच्या मोटारी असतात, एखाद्या घराचा गॅस गिझर असतो आणि संध्याकाळी कोणी तुळशीपाशी उदबत्ती लावतं. गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात जा. बॅटरीची वायर आधी सोडा. पाण्याने भरलेली बादली पेट्रोलची आग विझवत नाही, उलट पसरवते. कोरड्या वाळूचं घमेलं जवळ ठेवा.

जुनं पेट्रोल धातूच्या डब्यात काढा. त्याचा वास नेहमीसारखा नसेल, वार्निशसारखा आंबूस येईल. हे पुन्हा गाडीत घालायचं नाही आणि गटारात तर मुळीच ओतायचं नाही. ओळखीच्या गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचा ड्रम असतो, तिथे विचारून द्या. आपल्याकडचे नाले-ओढे शेवटी गंगेलाच मिळतात, आणि नाशिककर गंगा म्हणतो तेव्हा ती गोदावरी असते, हे नव्याने आलेल्यांसाठी सांगतो.

टाकी खाली घेतल्यावर कॉक, झाकण, पेट्रोलचा काटा दाखवणारा फ्लोट, रबरी पॅड, बॅज, सगळं काढून एका डब्यात ठेवा. फ्लोट विसरून आत रसायन ओतलेले लोक मी पाहिलेत. टाकीच्या दोन्ही बाजू जोडणारी नळी असेल तर तीही काढा.

आता भोकं बंद करायची. कॉकच्या जागी जाड पत्र्याची पट्टी कापा, तिच्याखाली जुन्या ट्यूबचं रबर घाला आणि त्याच बोल्टने आवळा. नळ्यांच्या तोंडांवर रबरी पाइपचे तुकडे चढवून त्यांच्या टोकांत बोल्ट खोचा, वर क्लिप लावा. झाकणाच्या तोंडाला रबरी बूच हवं, पण ते फक्त हलवताना. रसायन आत असताना तोंड उघडंच ठेवायचं, कारण वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी.

रंग वाचवायचा असेल तर टाकीच्या बाहेरून ग्रीसचा किंवा व्हॅसलीनचा हलका हात फिरवा आणि वरून प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा. तोंडाभोवती दोन वेढे जास्त द्या. मूळ कारखान्यातला रंग असेल तर इथे एक तास घालवणं योग्यच आहे. रंग पुन्हा करायचाच असेल तर हा सगळा व्याप सोडा.

तेल आधी, गंज नंतर

नवखे लोक इथेच घाई करतात. आत गंज आहे म्हणून सरळ ॲसिड ओततात आणि मग दोन दिवसांनी म्हणतात, "काही फरकच पडला नाही."

पडणार कसा? जुनं पेट्रोल सुकताना पत्र्यावर डिंकासारखा थर सोडतं. येझदी, राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं, त्याचा पातळ थर त्यावर. या थराखाली गंज सुरक्षित बसलेला असतो आणि पाण्यातलं ॲसिड तेलकट पृष्ठभागाला ओलं करू शकत नाही. तेलकट कढई नुसत्या चिंचेने घासून बघा, तसंच.

म्हणून सोसवेल तेवढं गरम पाणी, त्यात भांड्यांचं लिक्विड किंवा धुण्याची पावडर सढळ हाताने, टाकी अर्धी भरून दहा मिनिटं खळखळा. ओता. पुन्हा करा. माझ्या अनुभवात तीन वेळा लागतं, टू-स्ट्रोकला चार. बोट आत घालून पत्र्यावर घासा. बोट करकरीत लागलं पाहिजे, निसटता कामा नये. पहिलं धुवण लगेच ओतून देऊ नका. बादलीत तासभर ठेवलं की पेट्रोल-तेल वर तरंगतं, ते काढून त्याच जुन्या पेट्रोलच्या डब्यात टाका.

नटांची खळखळ

सुटा गंज हातानेच पाडायचा. एम-६ किंवा एम-८ चे (६ किंवा ८ मिलिमीटरच्या बोल्टचे) साधे लोखंडी नट मूठभर घ्या आणि मोजा. पन्नास आत टाकले तर पन्नास बाहेर आले पाहिजेत. हा आकडा टाकीवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. सायकलची जुनी चेनही चांगली, तिच्या एका टोकाला तार बांधून तार तोंडाबाहेर ठेवा, म्हणजे ओढून काढता येते. खडी वापरू नका. तिचे तुकडे होतात आणि ते जोडात अडकतात.

नटांबरोबर लिटरभर साबणाचं पाणी घाला, बूच लावा आणि टाकी गोधडीत गुंडाळून हलवा. प्रत्येक बाजूला पाच-सात मिनिटं. छताची बाजू खाली करून सगळ्यात जास्त. हात भरून येतात, म्हणून दोघांनी आलटून पालटून करा. मळ्यात आम्ही टाकी गाद्यांमध्ये गुंडाळून ट्रॅक्टरच्या जॅकवर उचललेल्या मागच्या चाकाला दोरीने करकचून बांधली आणि अगदी मंद गतीने चाक फिरवलं. काम छान झालं. पण त्या वेळी एक माणूस क्लचवर पाय ठेवून बसलेला होता आणि दुसरा लांबून बघत होता. एकट्याने हे करायचं नाही.

बाहेर येणारं पाणी चहासारखं दिसेल. ते बऱ्यापैकी निवळ येईपर्यंत करत राहा.

गंज विरघळवणं

उरलेल्या घट्ट गंजासाठी नवख्या माणसाला मी एकच गोष्ट सुचवतो, सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं, किलोने हवं असेल तर रसायनांच्या दुकानात. दर लिटर पाण्याला ८० ग्रॅमच्या आसपास. बारा लिटरची टाकी असेल तर साधारण एक किलो. हे ॲसिड लोखंडाच्या गंजाला विरघळवून स्वतःमध्ये धरून ठेवतं आणि चांगल्या पत्र्याला त्या मानाने हळू खातं. चूक झाली तर सुधारायला वेळ मिळतो.

गॅरेजमध्ये बहुतेक जण संडास साफ करायचं ॲसिड ओततात, म्हणजे हायड्रोक्लोरिक. वीस मिनिटांत गंज जातो, हे खरं आहे. पण ते पत्राही खातं. टाकीला आतून कारखान्यात दिलेला जस्ताचा किंवा शिसं-कथलाचा मुलामा शिल्लक असेल तर तोही उतरवतं. त्यातलं क्लोराइड जोडाच्या फटीत राहून पुढे महिनोन्महिने आतून गंज चढवत राहतं. आणि त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेले पानेसुद्धा दुसऱ्या दिवशी तांबूस झालेले दिसतील. पातळ झालेल्या जुन्या पत्र्यावर हे मी कोणाला करू देणार नाही.

व्हिनेगर चालतं, पण दिवस लागतात. कोल्ड्रिंक ओतण्याचा सल्ला ऐकू नका, साखरेचा चिकटा साफ करत बसाल. बॅटरी चार्जर लावून विजेने गंज काढण्याची पद्धत मला स्वतःला आवडते. धुण्याच्या सोड्याचं पाणी, टाकीला ऋण टोक, मध्ये टाकीला कुठेही न टेकणारी साध्या लोखंडाची सळई आणि तिला धन टोक. पत्रा अजिबात खाल्ला जात नाही. पण हायड्रोजन तयार होतो, क्लिप चार्जर चालू असताना काढली तर ठिणगी पडते, आणि कोणी सळईऐवजी स्टेनलेस स्टील वापरलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. शिवाय सळईच्या समोर असलेला भागच नीट साफ होतो, कोपरे राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला करून बघा.

तर, सायट्रिक. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल. पाणी ५० अंशांच्या आसपास गरम, म्हणजे बोट जेमतेम ठेवता येईल इतकं. आधी बादलीत पाणी, मग त्यात हळूहळू पावडर. बोअरचं पाणी टाळा, त्यातला चुना ॲसिड फुकट खर्च करतो. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी चांगलं. टाकी मोठ्या टबात ठेवा, कारण आतापर्यंत गंजाने बुजलेली छिद्रं आता उघडी पडतात आणि टाकी गळायला लागते. गळाली तर घाबरू नका, ती छिद्रं आज कळली हे बरंच झालं. त्या जागी बाहेरून खडूने खूण करा.

टाकी गळ्यापर्यंत काठोकाठ भरा. अर्धी भरून ठेवली तर छत कोरडं राहतं, आणि खरा गंज तर छतालाच असतो. वर हवेचा फुगा अडकू नये म्हणून टाकी थोडी तिरकी करून, हलवून पुन्हा भरा. अर्ध्या तासात बुडबुडे येतील, पाणी पिवळट, मग हिरवट-काळं होत जाईल. चार-पाच तासांनी ओतून बघा. गंज जास्त असेल तर नवं पाणी तयार करून पुन्हा. एकूण चोवीस तासांच्या पुढे जाऊ नका. गंज संपला की ॲसिडला खायला पत्राच उरतो.

पत्रा राखाडी, मातकट दिसायला लागला की थांबायचं. तो चांदीसारखा चमकणार नाही, आणि चमकायची गरजही नाही.

वापरलेल्या ॲसिडमध्ये खाण्याचा सोडा थोडा-थोडा टाका, फसफस थांबेपर्यंत. मग भरपूर पाण्याबरोबर ते घरातल्या ड्रेनेजमध्ये सोडा, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नाही.

पुढची पंधरा मिनिटं

ॲसिड निघून गेलेला पत्रा उघडा असतो आणि ओल्या हवेत काही मिनिटांत त्याच्यावर केशरी झाक चढते. म्हणून पुढचं सगळं सामान आधी मांडून ठेवा. फोन दुसऱ्याकडे द्या.

टाकीभर पाण्यात शंभर-दीडशे ग्रॅम खाण्याचा सोडा, तोंड उघडं ठेवूनच, कारण फेस येतो. खळखळून ओता. साध्या पाण्याने दोनदा धुवा. शेवटचं पाणी गरम असेल तर पत्रा तापतो आणि लवकर सुकतो. पाणी निथळलं की लगेच अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आत घालून सगळ्या बाजूंनी फिरवा. जोडाच्या फटीतलं पाणी ते आपल्यात घेतं. ते ओता आणि टाकी उन्हात उघडी ठेवा. स्पिरिटचा वास पूर्ण गेल्याशिवाय हेअर ड्रायर आत लावायचा नाही, त्याची तापलेली तार आणि ती वाफ यांची गाठ पडता कामा नये. व्हॅक्युम क्लीनरने टाकीतली हवा ओढायची तर कधीच नाही, वाफ सरळ त्याच्या मोटारीतून जाते.

कोरडं झालं की नाही हे बघायची सोपी पद्धत सांगतो. टाकी उन्हात ठेवून तोंडावर पारदर्शक प्लॅस्टिक रबरबँडने ताणून बसवा. अर्ध्या तासाने प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं, तर टाकी अजून ओली आहे. प्लॅस्टिक काढा, ड्रायरची गरम हवा पुन्हा अर्धा तास, आणि पुन्हा तीच परीक्षा. मामांच्या टाकीला तिसऱ्या वेळेला प्लॅस्टिक कोरडं राहिलं.

यासाठीच हे काम मार्च ते मे या महिन्यांत काढावं. नाशिकचं उन्हाळ्यातलं कोरडं ऊन या कामाला अगदी मनासारखं मिळतं. आषाढ-श्रावणात, इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला तर नकोच; हवेतच पाणी असतं. आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या अनेकदा येतात, तेव्हा अस्तर घट्टच होत नाही.

अस्तर द्यायचं नसेल तर तुमचं काम इथे संपलं. टाकीत थोडं पेट्रोल आणि चमचा-दोन चमचे टू-स्ट्रोक ऑइल घालून सगळीकडे फिरवा आणि गाडीला चढवा. लगेच काठोकाठ भरा.

छिद्रांचं काय?

दोन-चार सुईएवढी छिद्रं अस्तर स्वतः बुजवतं. उडदाच्या दाण्याएवढं भोक असेल तर आधी धातूनेच बुजवा. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडून सोल्डर किंवा पितळी ब्रेझिंग करून घ्या. टाकीत आधी पेट्रोल होतं हे त्याला न विचारताही सांगा आणि ती कशी धुतली तेही सांगा. आत अस्तर दिल्यानंतर बाहेरून गॅस लावता येत नाही, अस्तर जळतं. म्हणून क्रम हाच. बाहेरून एमसील लावणं म्हणजे घरी पोहोचण्यापुरतं.

तपासायला भोकं बंद करून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. कॉम्प्रेसर लावू नका. पत्र्याची टाकी त्या दाबाने फुगून वाकते आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही.

अस्तर

जुन्या नाशकातल्या तांब्या-पितळेच्या बाजारात कल्हई होताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन समजेल. कल्हईवाला भांडं आधी घासून-घासून लख्ख करतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मग कथलाचा हात फिरवतो. जिथे मळ राहिला तिथे कल्हई धरत नाही. टाकीचं अस्तर तसंच आहे, फक्त कथलाच्या जागी दोन डब्यांचं इपॉक्सी: एका डब्यात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारं हार्डनर.

टाकीसाठीच बनवलेलं इपॉक्सी घ्या. घरातलं साधं चिकटवायचं इपॉक्सी पेट्रोलमध्ये टिकेल यावर भरवसा ठेवू नका. डब्यावर किती लिटरच्या टाकीला पुरतं, मिसळल्यावर किती मिनिटं वापरता येतं आणि पूर्ण घट्ट व्हायला किती दिवस लागतात, या तीन गोष्टी आधी वाचून कागदावर लिहून ठेवा. काही किटमध्ये फॉस्फोरिक ॲसिडचं वेगळं धुवण असतं. ते दिलं असेल तर त्यांच्या सांगण्याप्रमाणे वापरा आणि पुन्हा त्याच चिकाटीने वाळवा.

कॉकच्या भोकाच्या आट्यांत अस्तर गेलं तर नंतर कॉक बसत नाही. तिथे जुना बोल्ट ग्रीस लावून हलकाच बसवा. पट्टी आणि बूच यांच्या आतल्या बाजूलाही ग्रीस लावा, नाहीतर ती टाकीचा भाग होऊन बसतात. ग्रीस टाकीच्या आत उतरू देऊ नका.

राळ आणि हार्डनर पूर्ण मिसळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून. अर्धवट मिसळलेलं अस्तर काही जागी कायम चिकट राहतं. सगळं एकदम आत ओता, बूच लावा आणि टाकी सावकाश फिरवायला लागा. खळखळायचं नाही, बुडबुडे येतात. धिरड्याचं पीठ तव्यावर सरकतं तसं ते सावकाश सरकलं पाहिजे. तळ, डावी बाजू, छत, उजवी बाजू, पुढचा, मागचा. प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं, आणि मधल्या बोगद्याच्या (टाकी गाडीच्या सांगाड्यावर बसते त्या खाचेच्या) दोन्ही कडा विसरू नका. टॉर्चने बघा, कोरडा डाग राहिला असेल तर तिकडे कलवा.

सगळीकडे पोहोचलं की कॉकचं भोक उघडा आणि टाकी तिरकी ठेवून जादा रसायन ओघळून जाऊ द्या. लोकांना वाटतं की जाड थर म्हणजे मजबूत थर. उलट आहे. तळाशी साचलेलं डबकं आतून नीट घट्ट होत नाही, आणि पुढे तेच आधी उचकटतं. दर दहा मिनिटांनी टाकीची दिशा बदलत राहा, रसायन ओघळायचं थांबेपर्यंत. थिनरमध्ये बुडवलेल्या कापडाने तोंडाची किनार आणि कॉकची बैठक पुसा, आट्यांतून तार फिरवा. हे ओलं असतानाच व्हायला हवं, सकाळी नाही.

मग टाकी तोंड उघडं ठेवून सावलीत, उबदार आणि धूळ नसलेल्या जागी ठेवा. डब्यावर चार दिवस लिहिले असतील तर पाच ठेवा. बोटाला चिकटत नाही म्हणजे झालं, असं नाही. आत नाक नेल्यावर रसायनाचा तिखट वास येत असेल तर अजून वेळ आहे.

परत गाडीवर

झाकणातलं हवेचं बारीक छिद्र तारेने मोकळं करा. ते बुजलेलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल उतरत नाही आणि तुम्ही पुन्हा कार्ब्युरेटर खोलाल. कॉकचे रबरी वायसर आणि पेट्रोलची नळी नवी घाला, जुनं रबर ई-२० मध्ये फुगतं. मध्ये फिल्टर टाकायचा तर जाळीचा आणि मोठ्या तोंडाचा टाका. आपल्या जुन्या गाड्यांना पंप नाही, पेट्रोल नुसतं वजनाने उतरतं, आणि दाट कागदी फिल्टर त्याला अडवतो.

लिटरभर पेट्रोल घालून, हलवून, स्वच्छ कापडातून गाळून काढा. कापडावर काही आलं नाही तर टाकी भरा. येझदी-राजदूतला गाडीच्या पुस्तकात दिलंय त्या प्रमाणात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला विसरू नका. यामाहा आरएक्स १०० ला ऑइलची वेगळी टाकी असते, तिथे पेट्रोलमध्ये काही घालायचं नाही.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर फिल्टर खोला. तळाशी चिमूटभर तपकिरी धूळ असेल तर काळजी नाही, पुसून परत लावा आणि पाचशेला पुन्हा बघा. पण नखाने उचलता येतील असे चपटे, चमकदार तुकडे दिसले, तर ते अस्तर आहे. गाडी तिथेच थांबवा, पेट्रोल काढा आणि टाकी उतरवा. सुटलेल्या अस्तरावर दुसरं अस्तर चढवायचं नाही. ते सगळं काढून पुन्हा साबणाच्या पाण्यापासून सुरुवात करायची.